शुश्रूषा करणाराच मार खातो तेव्हा: दवाखान्याने आणि यंत्रणेने नेमके काय करावे?

सायंतारा (धागाकर्ती) · सोमवार, सकाळी १०.१२

न्यूरोलॉजीच्या ओपीडीत नेहमी दिसणारे दृश्य. चाकाच्या खुर्चीत सासरे, मागे सून. डॉक्टर विचारतात: जेवतात का, झोपतात का, लघवी-संडासचे भान आहे का. सून सगळी उत्तरे देते. तिच्या मनगटावर चार बोटांचे निळे वळ आहेत आणि दंडावर, बाहीच्या काठाखाली, चावल्याची खूण. त्याबद्दल कुणी विचारत नाही, कारण केसपेपर सासऱ्यांचा आहे. सुनेच्या नावाचा एकही कागद त्या इमारतीत नाही.

मानसिक आरोग्याच्या स्वमदत गटांत रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. मीही तेच शब्द वापरते. धागा त्या शुभंकरांबद्दल आहे, जे ज्याची सेवा करतात त्याच्याचकडून मार, शिव्या, चावे, धमक्या सहन करतात.

ही हिंसा एकाच प्रकारची नसते आणि यंत्रणेचा पहिला घोळ इथेच होतो. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) किंवा मेंदूला झालेली इजा यांत बहुतेक वेळा हेतू नसतो. अंघोळीच्या वेळी अनोळखी बाई आपले कपडे काढते आहे असे वाटून आजोबा ओरबाडतात. स्किझोफ्रेनिया, बायपोलर, दारू यांत झटका येतो आणि ओसरतो, उपचार बदलले तर बराच फरक पडतो. तिसरा प्रकार सगळ्यात दुर्लक्षित आहे. आयुष्यभर बायकोवर हात टाकणारा नवरा अर्धांगवायूने खाटेवर येतो. हात उचलत नाही, म्हणून शिव्या, अंगावर थुंकणे, ताट भिरकावणे, आणि पेन्शनचे पासबुक उशीखाली. दवाखान्याच्या कागदावर याची नोंद 'आजारामुळे चिडचिड' अशी होते. ती चिडचिड नाही, आधीपासून चालत आलेला छळ आहे. दोन्हींवरचा उपाय वेगळा.

माझे म्हणणे एकच: शुभंकराचा स्वतःचा, स्वतंत्र केसपेपर निघाला पाहिजे. त्यावर तिच्या जखमा, तिची झोप, तिचा धोका लिहिला गेला पाहिजे. जाणकारांनी लिहावे की कुणी, कुठे, काय करायचे. अनुभवकथन नको, कामाची माहिती हवी.


पांढरी_टोपी · सोमवार, सकाळी ११.४०

केसपेपरच्या मुद्द्याला दुजोरा. पण विचारायचे कसे, हे आधी शिकवायला हवे.

रुग्णासमोर विचारू नका. त्याला वजनकाट्यावर किंवा ईसीजीला दुसऱ्या सिस्टरबरोबर पाठवा आणि त्या पाच-सात मिनिटांत शुभंकराला 'एका फॉर्मवर माहिती हवी' म्हणून बाजूला घ्या. सोबतच्या मुलाला किंवा नणंदेला दुभाषा करू नका.

'घरी काही त्रास आहे का?' या प्रश्नाला 'नाही' हेच उत्तर येते. 'मारतात का?' म्हटले की ती त्यांचीच बाजू घेते: 'आजारी आहेत, त्यांना काय कळतंय.' म्हणून प्रसंगाला धरून विचारा. अंघोळ घालताना, डायपर बदलताना, गोळी देताना कधी हात उगारतात? चावतात? काही फेकतात? दिवसातल्या कोणत्या वेळेची तुम्हाला धास्ती वाटते? रात्री आतून कडी लावून झोपता का? या शेवटच्या प्रश्नाला 'हो' आले, तर बाकीचे बोलणे आपोआप सुरू होते.

उत्तर ऐकून 'थोडं समजून घ्या, म्हातारं माणूस आहे' हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. ती पुन्हा कधी बोलणार नाही. 'हे तुमच्यामुळे होत नाही, आणि तुमची जखमसुद्धा आम्हाला बघायची आहे' एवढे पुरते.

नोंद करताना 'मारहाण' एवढाच शब्द लिहू नये. शरीराच्या आकृतीवर जागा, लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, रंग, सूज, आणि तिचे स्वतःचे शब्द अवतरणात. वळाच्या रंगावरून तो किती दिवसांचा हे खात्रीने सांगता येत नाही, तेव्हा तसा अंदाज लिहू नये. माणसाचा चावा, विशेषतः बोटांवरचा, किरकोळ समजू नका. साबण-पाण्याने भरपूर धुणे, धनुर्वाताचे इंजेक्शन, प्रतिजैविकाचा निर्णय आणि हिपॅटायटिस बी लसीची चौकशी, हे चारही झाले पाहिजे. शुभंकर स्वतः रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल आणि डोक्याला मार असेल, तर 'बरं वाटतंय' म्हणाली तरी सोडू नका.

एमएलसीला, म्हणजे दवाखान्यातल्या वैद्यकीय-कायदेशीर नोंदीला, लोक घाबरतात. एमएलसीची नोंद म्हणजे घरच्या माणसावर गुन्हा दाखल झाला, असे नाही. पुढे कधी गरज पडली तर कागद असतो, एवढेच. हे तिला सही घेण्याआधी सांगा.


गोळीपुडी · सोमवार, दुपारी २.०५

यात एक वैद्यकीय बाजू राहते आहे. कालपर्यंत शांत असलेला वृद्ध माणूस दोन-तीन दिवसांत अचानक मारायला धावू लागला, तर 'आजार वाढला' असे समजू नका. तो डेलिरियम, म्हणजे शरीरातल्या बिघाडामुळे अचानक आलेला भ्रम, असू शकतो आणि त्याला कारण असते. लघवीचा जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी, चार दिवसांचा मलावरोध, न्यूमोनिया, सोडियम किंवा साखर उतरणे, पाणी कमी पडणे, दात किंवा कंबर दुखणे, नवे औषध. सर्दीच्या आणि ॲलर्जीच्या झोप आणणाऱ्या गोळ्या, स्टिरॉइड, पार्किन्सन्सच्या गोळीचा वाढवलेला डोस, कधी कधी झोपेचीच गोळी. दिवसात तऱ्हा बदलत असेल, सकाळी बरे आणि रात्री वेगळेच, तर संशय पक्का. आधी लघवीची, रक्ताची तपासणी आणि पोटावर हात. मानसोपचाराचे औषध त्यानंतर. चष्मा आणि कानाचे यंत्र कपाटात पडले आहे का, तेही विचारा.

डिमेन्शियात अंघोळ हा सगळ्यात भांडणाचा प्रसंग. डोक्यावर अचानक तांब्या ओतला की माणूस हात चालवतोच. पाणी आधी त्यांच्या हातावर, मग पायावर, डोके शेवटी किंवा वेगळ्या दिवशी. अंगावर पंचा राहू द्या, धुवायचा तेवढाच भाग उघडा. मागून जाऊ नका, समोरून, त्यांच्या नजरेच्या पातळीला बसून. एका वेळी एकच सूचना. 'नको' म्हणाले तर वीस मिनिटांनी परत. रोज अंघोळ झालीच पाहिजे असे नाही, ओल्या कपड्याने पुसून चालते. हे सगळे परिचारिकेने शुभंकराकडून एकदा करून घ्यावे. नुसत्या सांगण्याने जमत नाही.

वहीत तीन रकाने: आधी काय झाले, त्यांनी काय केले, नंतर काय झाले. वेळ घालायची. दोन आठवड्यांत नमुना दिसतो. पुष्कळांचा त्रास संध्याकाळी पाच ते आठ या वेळात एकवटतो, मग त्या वेळेला चहा लवकर, दिवे लवकर, पाहुणे नकोत.

औषधांबद्दल. रिस्पेरिडोन, क्वेटियापिन, हॅलोपेरिडॉल ही डिमेन्शियाच्या वृद्धांत पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढवतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्ये या गटातल्या नव्या औषधांवर ठळक इशारा छापायला लावला आणि २००८ मध्ये तो जुन्यांनाही लागू केला. म्हणून मारहाणीचा धोका खरा असेल तरच, कमीत कमी डोस, आणि दर सहा आठवड्यांनी 'अजून हवे का' ही तपासणी. ती तारीख चिठ्ठीवरच लिहिलेली असावी, नाहीतर गोळी वर्षानुवर्षे चालू राहते.

आणखी एक. आपल्याकडे औषध सर्रास चहातून देतात. रिस्पेरिडोनचे पातळ औषध चहात आणि कोलात चालत नाही. पाणी, कॉफी, संत्र्याचा रस किंवा कमी स्निग्धतेचे दूध चालते, हे त्याच्या माहितीपत्रकातच आहे. चोरून देण्याचा प्रश्न वेगळा आहे. तो निर्णय शुभंकराने एकटीने घेऊ नये, डॉक्टरांनी कारणासह कागदावर लिहावा. एरवी कप उलटा तिच्याच अंगावर येतो आणि 'ही मला विष घालते' हा संशय कायमचा बसतो.


मुक्काम_पोस्ट · सोमवार, दुपारी ४.३०

बाकी ठीक. पण रात्री दोन वाजता मुलगा कोयता घेऊन उभा असेल तर वहीचा काय उपयोग? ११२ ला फोन केला तर त्याला लॉकअपमध्ये टाकतील, या भीतीने आई फोनच करत नाही.


कलम_कसाई_नव्हे · सोमवार, सायंकाळी ६.१५

@मुक्काम_पोस्ट, वहीचा उपयोग खाली येतोच. आधी लॉकअपची भीती घालवतो, कारण तिच्यापायी माणसे जीव धोक्यात घालतात.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ (अंमल २९ मे २०१८ पासून). कलम १०० प्रमाणे, मानसिक आजारामुळे स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका ठरणाऱ्या माणसाला संरक्षणात घेणे हे ठाणे अंमलदाराचे कर्तव्य आहे. त्याला लवकरात लवकर, कमाल २४ तासांत, जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीसाठी न्यायचे असते. आणि याच कलमात स्पष्ट म्हटले आहे की अशा माणसाला कोणत्याही परिस्थितीत लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवता येणार नाही. फोनवर 'भांडण झालंय' म्हणू नका. म्हणा: 'मानसिक आजाराचा रुग्ण आहे, हातात शस्त्र आहे, कलम १०० खाली दवाखान्यात न्यायचे आहे.' १०८ ची रुग्णवाहिकाही त्याच वेळी मागवा आणि सोबत पोलीस असल्याचे सांगा.

कलम ९४ खाली कुणीही नोंदणीकृत डॉक्टर तातडीचा उपचार करू शकतो, अगदी घरीसुद्धा, कमाल ७२ तास. स्वतःला किंवा दुसऱ्याला गंभीर इजेचा धोका हे त्याचे एक कारण. रुग्णाचा नामनिर्देशित प्रतिनिधी (त्याच्या वतीने निर्णय घ्यायला कायद्याने मान्य असलेला माणूस) हजर असेल तर त्याची संमती लागते. 'मनोरुग्णालयातच न्या, आम्ही हात लावत नाही' असे सांगणाऱ्या कॅज्युअल्टीला हे कलम दाखवा.

भरतीसाठी कलम ८९, कमाल ३० दिवस. अर्ज नामनिर्देशित प्रतिनिधीने करायचा. रुग्णाने कुणाला नेमले नसेल तर क्रमाने नातेवाईक, मग सांभाळ करणारा. एक मानसोपचारतज्ज्ञ आणि आणखी एक मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर, दोघांनी स्वतंत्रपणे, त्याच दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत तपासलेले असावे. निकषांतला एक असा: अलीकडे दुसऱ्याशी हिंसक वागला किंवा दुसऱ्याला इजेची भीती वाटावी असे वागला. इथे ती वही लागते. तारीख-वेळ असलेली पंधरा दिवसांची पाने 'खूप त्रास देतो' यापेक्षा कितीतरी वजनदार असतात.

कायद्याच्या व्याख्येत स्मृती आणि दिशाभान यांचे गंभीर विकार येतात आणि दारू-अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्थाही येतात. त्यामुळे 'डिमेन्शिया आमच्याकडे नाही' हे उत्तर पटणारे नाही.

दोन गोष्टी करू नका. साखळीने बांधणे कलम ९५ प्रमाणे पूर्ण बंद आहे, कुणालाही, कुठेही. आणि गोपनीयतेच्या नावाखाली शुभंकराला अंधारात ठेवणे चूक आहे. कलम २३ मध्येच अपवाद आहे, नामनिर्देशित प्रतिनिधीला त्याचे काम करता यावे म्हणून आणि दुसऱ्याला इजा टाळण्यासाठी लागेल तेवढी माहिती देता येते. रुग्ण डॉक्टरांपुढे 'तिला मारून टाकीन' म्हणाला असेल, तर ते तिला कळायलाच हवे.

आता तिसरा प्रकार, म्हणजे जुना छळ. घरगुती हिंसाचार कायदा, २००५. अर्ज कलम १२, संरक्षण आदेश १८, निवासाचा १९, तातडीचा अंतरिम २३. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत पडावी, असे कायदा म्हणतो. हिंसा करणारी बाई असली तरी २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अडचण नाही, म्हणजे मुलीविरुद्ध आई अर्ज करू शकते. मागणारी मात्र स्त्रीच हवी. बायकोचा मार खाणारा, तिची शुश्रूषा करणारा नवरा या कायद्याबाहेर राहतो, ही मोठी फट आहे.

साधी दुखापत, भारतीय न्याय संहिता कलम ११५(२), अदखलपात्र आहे. ठाण्यात एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) मिळते, पोलीस आपणहून तपास करत नाहीत. एनसीची प्रत घ्याच. एकामागून एक आलेल्या एनसी न्यायालयात उपयोगी पडतात.


ओसरी · सोमवार, रात्री ९.२०

समाजसेवा विभागाच्या अंगाने लिहितो.

आदर्श समोर आहे. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र २००० पासून आहे, महापालिका आणि आरोग्यावर काम करणाऱ्या सेहत संस्थेने मिळून उभारलेले. त्यातली कळीची गोष्ट अशी की ते रुग्णालयाच्या आतच आहे आणि कर्मचाऱ्यांना हिंसा ओळखायचे प्रशिक्षण दिले जाते. बाईला 'तुम्ही अमुक ठिकाणी जा' सांगून वाटेला लावत नाहीत. न्यूरो, मानसोपचार आणि वृद्धोपचार ओपीडीतून शुभंकराला थेट अशा खोलीत पोचवायचे, एवढी एकच जोडणी करायची आहे. जिल्ह्यात हिंसाग्रस्त स्त्रियांसाठी सखी वन स्टॉप सेंटर आणि १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. वृद्ध शुभंकरासाठी १४५६७, मानसिक आधारासाठी टेलिमानस १४४१६. नंबर रुग्णाच्या चिठ्ठीवर लिहू नका, ती रुग्ण वाचतो.

सुरक्षा आराखडा तिच्याबरोबर बसून, घराचा नकाशा काढून करायचा. धास्तीच्या वेळी स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात थांबू नये, दोन्हींना बाहेरची वाट नसते. आपली खुर्ची दाराकडची. विळी, अडकित्ता, वरवंटा, इस्त्री, उंदराचे औषध, इन्सुलिन कुलपात. गॅसचा रेग्युलेटर रात्री काढून ठेवायचा. न्हाणीघराची आतली कडी काढायची, म्हणजे ते स्वतःला कोंडून घेणार नाहीत. तिच्या खोलीला मात्र आतून भक्कम कडी. शेजारच्या घरी एक पिशवी: आधारची झेरॉक्स, दोन दिवसांची दोघांचीही औषधे, किल्ली, थोडे पैसे, चार्जर. शेजारणीशी ठरलेला एक शब्द, उदाहरणार्थ 'विरजण आहे का?', म्हणजे तिने फोन करायचा.

शुभंकर बाहेर पडली तर रुग्णाला कोण बघणार, याचे उत्तर आराखड्यात नसेल तर ती बाहेर पडतच नाही. हा आराखडा फसण्याचे पहिले कारण. म्हणून आधी पर्यायी माणसाचे नाव, मग बाकी सगळे.

डिस्चार्जचा दिवस निर्णायक. मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ९८ प्रमाणे रुग्ण ज्यांच्याकडे राहणार, त्यांच्याशी डॉक्टरांनी चर्चा करायची आहे. प्रत्यक्षात दुपारी एक वाजता 'घेऊन जा' सांगतात. तिने तिथे थेट विचारावे: पुन्हा हात उगारला तर कोणती गोळी, किती, कुणाला फोन, आणि परत भरती कोणत्या दारातून. उत्तर डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावे. 'मी आत्ता घरी नेऊ शकत नाही, मला धोका आहे' म्हणणे म्हणजे टाकून देणे नव्हे, आणि हे तिला समाजसेवकाने त्या क्षणी सांगायला हवे.

विसाव्याची सोय, म्हणजे शुभंकराला उसंत मिळावी म्हणून रुग्णाला काही दिवस दुसरीकडे सांभाळणे, हा आपला सगळ्यात कच्चा दुवा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता यांसाठी राष्ट्रीय न्यासाची 'समर्थ' योजना आहे. डिमेन्शिया आणि स्किझोफ्रेनियाला तसे सरकारी काही हाताशी नसते. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, पण ती उपचारासाठी. आठवडाभर विसावा म्हणून नाहीत. डे-केअर आठवड्यातून दोन दिवस मिळाले तरी मारहाणीचे प्रसंग कमी होतात, कारण दोघेही दमलेले नसतात.


माहेरची_पायरी · मंगळवार, सकाळी ८.५०

दारुड्या मुलाला सांभाळणाऱ्या आयांबद्दल. रागाच्या भरात दारू एकदम बंद करू नका. रोज पिणाऱ्याची दारू तुटली की सहा तासांपासून थरथर, मग फिट्स, आणि दोन ते चार दिवसांत भास आणि हिंसा येऊ शकते. ती घरात आईच्याच अंगावर येते. दारू तोडायची ती दवाखान्यात.

साठी ओलांडलेल्यांना ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ आहे. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे, वकील लागत नाही. निर्वाह भत्ता महिना १०,००० रुपयांपर्यंत. 'सांभाळीन' या अटीवर घर नावावर करून दिले आणि सांभाळले नाही, तर कलम २३ खाली ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकते. मात्र तशी अट होती हे दाखवता आले पाहिजे, आणि नेमके इथेच बहुतेकांचे घोडे अडते.


बारा_तासांची_ड्यूटी · मंगळवार, सकाळी ११.१०

पगारी मावश्या आणि मामांना विसरू नका. ब्युरोकडून, म्हणजे शुश्रूषेला माणसे पुरवणाऱ्या एजन्सीकडून, आलेल्या बाईला 'आजोबा जरा चिडके आहेत' एवढेच सांगतात. आधीच्या तीन बायका का सोडून गेल्या ते सांगत नाहीत. ब्युरोने करारासोबत एक पान द्यावे: रुग्ण हात उगारतो का, लगट करतो का, कधी, काय केल्याने शांत होतो. तसा रुग्ण असेल तर २४ तासांची एकटी ड्यूटी देऊ नये.

लैंगिक छळासाठी २०१३ च्या कायद्यात राहते घरही कामाची जागा आहे. ब्युरोत दहा किंवा जास्त माणसे असतील तर तिथली अंतर्गत समिती, नाहीतर जिल्ह्याची स्थानिक समिती. तक्रार तीन महिन्यांत. घरकामगाराच्या बाबतीत प्रथमदर्शनी तथ्य असेल तर स्थानिक समितीने सात दिवसांत ती पोलिसांकडे पाठवायची असते. 'म्हातारे आहेत, कळत नाही त्यांना' म्हणून घरचे पगार कापून मोकळे होतात. रुग्णाला कळत नसेल, घरच्यांना तर कळते.


टेम्सकाठ · मंगळवार, दुपारी ३.३५

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी घरांसाठी. केअर ॲक्ट २०१४ च्या कलम १० प्रमाणे शुभंकराला स्वतःचे मूल्यमापन मागायचा हक्क आहे, रुग्णाने स्वतःचे नाकारले तरीही. म्हणजे सायंतारा म्हणतात तो स्वतंत्र केसपेपरच. कौन्सिलला फोन करून 'केअरर्स असेसमेंट' हेच शब्द वापरा आणि ते वेगळ्या खोलीत हवे म्हणा. तिथेही फट आहे. छळाच्या संशयावरून होणारी कलम ४२ ची चौकशी ज्याला स्वतःला सांभाळाची गरज आहे त्याच्यासाठी असते, धडधाकट शुभंकर त्यात सहज बसत नाही. शुभंकरालाही इजा होऊ शकते हे सरकारी मार्गदर्शिकेत लिहिलेले आहे, त्याकडे बोट दाखवावे लागते.


सायंतारा · मंगळवार, सायंकाळी ७.००

सगळ्यांचे आभार. वरच्या माहितीवरून केसपेपरचा मसुदा: शुभंकराचे नाव आणि नाते. आठवड्यात किती तास एकटी. गेल्या महिन्यात इजा किती वेळा, कशा प्रसंगी. हिंसा आजाराआधी होती का. घरात शस्त्र, दारू, लहान मूल. रात्री कडी लावते का. तिच्याऐवजी कोण थांबू शकेल. पुढची तारीख, तिची स्वतःची.

'आजाराआधी होती का' हा प्रश्न कुणी गाळू नका. औषधाची वाट की कायद्याची, हे त्यावरूनच ठरते.


पांढरी_टोपी · मंगळवार, रात्री ८.२५

एक दुरुस्ती. हा कागद रुग्णाच्या फाइलला टाचू नका. फाइल पिशवीतून घरी जाते, आणि घरी ती पहिल्यांदा रुग्ण किंवा त्याचा भाऊ उघडतो. शुभंकराचा वेगळा ओपीडी नंबर काढा, कागद रुग्णालयातच ठेवा आणि तिच्या हातात फक्त पुढच्या तारखेची चिठ्ठी द्या. तीवर 'बीपी तपासणी' लिहा. त्या दिवशी बीपी खरोखरच तपासा.